कवेलूंची चौकशी

अक्षय तृतीयेच्या आदल्या शुक्रवारी, मोहाडीच्या रजिस्ट्री कचेरीत, माझ्या थोरल्या भावाने आपल्या वाट्याची बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि तिला लागून असलेली धानाची बांधी चार लाखांना विकली. हजर होते भाऊ, घेणारा म्हणजे माझा साडू, आणि दोन साक्षीदार. मी नव्हतो. त्या बोडीच्या पाण्यावर माझं सगळं धान पिकतं, आणि ती मीच घ्यायची हे भावात नि माझ्यात ठरलेलं होतं.

संध्याकाळी भाऊ पेढे घेऊन आला.

"तुह्या साडूलेच देली. घरातच रायली ना!"

"दादा, मी महिनाभर थांब म्हटलं होतं."

"तुये पैसे यंदा सुटतच नाही म्हणे. तुले सांगाले लाज वाटते, म्हणून त्यानं सांगतलं. घरी पोरीचं लगन हाय, मी कायच्या भरवशावर थांबू?"

पेढा माझ्या हातातच राहिला.

साडू फौजेच्या गुप्तवार्ता युनिटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आंधळगावात आमच्याच गल्लीत घर बांधून राहिला. रोज आमच्या ओसरीवर चहाला येई. युनिटच्या गोष्टी सांगे, पण गावांची आणि माणसांची नावं गाळून. आधी युनिटमध्ये मूठभर दुभाषे आणि नकाशे काढणारे होते, पुढे वायरलेस ऐकणारे आले. मूळ काम मात्र तेच राहिलं, समोरच्याला बोलतं करायचं.

"पलटण लढते. समोर काय हाय ते तिले आम्ही आधी सांगतो. मंग पदक पलटणीले, आन् आमची फाईल कुलपात," तो म्हणे. "हमालाले कधी विचारायचं नाही साडभाऊ, का फौज किती हाय. मिठाची पोती किती वाहली, ते विचारायचं. थेट विचारलं का माणूस सावध होते."

"म्हणूनच ताई तुमच्यापुढं तोंड उघडत नाही," माझी बायको म्हणाली होती. आम्ही सगळे हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने तो.

फाल्गुनात एकदा त्याने आमच्या छपराकडे पाहून विचारलं, "हे कवेलू काढून स्लॅब कवा टाकता?"

"स्लॅब कायची? ठेव वैशाखाच्या शेवटी सुटते, ते चारही लाख बोडीत जातात," मी सांगून मोकळा झालो. त्याने पैशांचं काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो.

"काहून केलं असं?"

"तुम्हीच तं सांगतलं होतं. मी काय चोरून ऐकलं?"

"आन् पैसे सुटत नाही, हे दादाले कोणी सांगतलं?"

तो आत पाहून म्हणाला, "चहा ठेव वं, साडभाऊ आले." मी चहा न घेता निघालो. जन्मभर जे शत्रूवर वापरलं, ते त्याने आमच्या ओसरीवर आमचाच चहा पीत वापरलं. जमिनीपेक्षा मला हेच जास्त लागलं.

ठेव वेळेवर सुटली. ती बँकेतच ठेवली.

भादव्यात पावसाने ताण दिला. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं. बोडीचं पाणी सोडायचे साडूने तीन हजार सांगितले, आणि घासाघीस न करता मी ते दिले. पैसे द्यायला गेलो तेव्हा तो घरी नव्हता. ते त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणीने, खाली मान घालून घेतले.