कोरा घास

माझा थोरला भाऊ कागद खातो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात, आणि कीव मला सहन होत नाही.

लहानपणी त्याने पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्या, मग भिंतीचा चुना, आणि शाळेत जायला लागल्यावर वह्या. आईने बोटांना कडू औषध लावलं, जंतांच्या गोळ्या दिल्या, दोनतीनदा चांगला बडवलाही. गोळ्यांनी जंत गेले, कागद राहिला. पुढे लग्न झाल्यावर वहिनीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला किती खाता?" दादा म्हणाला, "चार बोटं रुंद, एवढीशी पट्टी. फार तर दोन." डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "खा. माझे बाकीचे पेशंट याहून वाईट काय काय खातात."

पण त्यातही त्याचे नियम आहेत. शाई लागलेला कागद तो तोंडात घालत नाही. लिहिलेलं वाचायचं, कोरं खायचं. गुळगुळीत मासिकांचा कागद त्याला आवडत नाही. नुसता टाळूला चिकटतो म्हणतो. रद्दीत निघालेल्या जुन्या रजिस्टरांची शेवटची कोरी पानं, तीसचाळीस वर्षांत पिवळी पडलेली, ही त्याची मेजवानी. आधी खारट, मग मऊ, शेवटी किंचित गोड, असं तो डोळे मिटून सांगतो. घरात लग्नपत्रिका आली की वहिनी तारीख आणि पत्ता उतरवून घेते आणि मगच ती त्याच्या हाती देते. जेवणाच्या बाबतीत मात्र अगदी गरीब. पानात पडेल ते मुकाट्याने खातो.

अशा माणसाला नोकरी कुठे लागावी, तर रेकॉर्ड रूममध्ये. बांधकामांना परवाने देणारं कार्यालय, तळमजल्यावर एक लांबोळकी खोली, तिच्यात छतापर्यंत फायली, आणि त्या सांभाळायला माझा भाऊ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मीच तेव्हा म्हणाले होते. मी चुकले. एकतीस वर्षांत त्याच्या खोलीतून एक फाईल इकडची तिकडे झाली नाही.

त्या कार्यालयात खात सगळेच होते. मोठे साहेब टेबलाखालून, हेडक्लार्क पाकिटातून, शिपाई चहापाण्याच्या नावाखाली. दादा तेवढा खरोखर तोंडाने खायचा, आणि तोही कागदच. म्हणून त्याचं नाव पडलं वाळवी. हेडक्लार्क येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे दोन वाळव्या आहेत. एक औषधाने मरते, दुसरी पेन्शन घेऊनच जाणार." दादा स्वतःही हसायचा. दुपारी सगळे एका लांब टेबलावर डबे उघडत. कुणीतरी कोऱ्या कागदाची चिठोरी फाडून त्याच्यापुढे सरकवायचं. "घ्या, तोंडी लावायला."

निवृत्तीला चौदा महिने उरले आणि एक फाईल नाहीशी झाली. परवानगी होती दोन मजल्यांची, इमारत उभी राहिली पाच मजल्यांची, आणि शेजारच्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. शेजाऱ्यांनी तक्रार केली, वरून कागद मागवले गेले, तर कागदच नाहीत. साहेबांनी खुलाशात नेहमीचं वाक्य लिहून पाठवलं: सदर फाईल वाळवीने खाल्ली.

हे वाक्य एरवी खपतं. पण चौकशीला ज्या बाई आल्या त्या रॅक बघायला स्वतः आत गेल्या. रॅक लोखंडी. मातीचा कण नाही, आजूबाजूच्या फायली धडधाकट. बाईंनी दारातल्या शिपायाला विचारलं, "वाळवी कुठे आहे?"

शिपाई भोळा माणूस. त्याने बोट दाखवलं. "ती काय, खिडकीपाशी बसलीय. चष्मा लावून."

साहेबांना आयतीच वाट सापडली. बाई गेल्यावर त्यांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा समोरच्या खुर्चीवर बसवलं, आणि म्हणाले, "सवय आहे, आजार आहे, झालं हातून, एवढंच लिहून द्या. आजारी माणसाला कोण शिक्षा करतं? मी वैद्यकीय कारण दाखवून तुम्हाला सोडवतो, पेन्शन पूर्ण मिळेल. नाही म्हणालात, तर फाईल तुमच्या ताब्यातली होती. मग ती चोरी झाली. आणि चोरी म्हटली की पोलीस आले."

त्या संध्याकाळी आम्ही सगळे दादाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. वहिनी पानं वाढत होती. भाचीने बापापुढे पेन ठेवलं. "बाबा, सही करून टाका. तुम्ही कागद खाता हे कुणाला नवीन आहे?"

मीही तेच म्हणाले. "म्हण ना रे, खाल्ली. नाहीतरी खातोसच."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "लिहिलेलं मी खात नाही. तुला तर माहीत आहे."

"मला माहीत आहे. जगाला कुठे माहीत आहे?"

तो उठून आत गेला. त्याचं पान तसंच राहिलं, ते वहिनीने झाकून ठेवलं. मी घरी येताना त्याच्यावरच चिडले होते. म्हातारपणी तुरुंगात जायची वेळ आली तरी याचे आपले नखरे चालूच.

सुनावणीला मी बरोबर गेले, कारण तो खरं बोलेल अशी मला धास्ती होती. खोलीत एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, एका बाजूला साहेब आणि हेडक्लार्क, समोर बाई. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही खाता?"

साहेबांना ठसका लागला. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला.

"कागद खातो," दादा म्हणाला. "बाकी काही खात नाही."

"ही फाईल खाल्ली?"

"नाही. चौसष्ट पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. आणि वर नकाशा."

साहेब गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आजारी माणसाला आपण काय खाल्लं ते आठवत नसतं."

यावर दादाने जे केलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. तो म्हणाला, "मग मला समोर बसून खाऊ द्या. कोरे कागद द्या, घड्याळ लावा. किती जातात ते बघा."

बाईंनी खरंच चौसष्ट कोरे कागद मागवले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दादाने पहिला कागद नीट पट्ट्या करून खाल्ला, मधे पाणी प्यायला. नऊ मिनिटं. दुसऱ्याला अकरा. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जन्मात त्याने एका बैठकीत एवढं खाल्लं नव्हतं. चौथ्याला त्याचा जबडा अडकला. मी उठून ओरडले, "पुरे झालं! माणूस आहे तो!" बाईंनी हात वर करून खाणं थांबवलं आणि नकाशा तरी त्याला खाता येईल का ते बघायला नकाशांच्या विभागातून एक जुना नकाशा आणायला सांगितलं. नकाशे अमोनियाच्या वाफेवर छापत, जुन्या गुंडाळीलाही त्याचा उग्र वास असतो. तो नाकाजवळ नेताच दादाचं सगळं उसळून वर आलं. उलटी झाली ती साहेबांच्या बुटांपाशी. आयुष्यात मला कुणाच्या उलटीने इतका आनंद झालेला नाही.

बाईंनी शांतपणे आकडेमोड केली. "पहिल्या कागदाच्या वेगाने धरलं तरी साडेनऊ तास. नकाशा सोडून." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "ही फाईल कुणीतरी खाल्ली असेल. पण दातांनी नाही."

चौथ्या दिवशी फाईल सापडली. साहेबांच्या केबिनबाहेरच्या कपाटामागे, चौसष्टच्या चौसष्ट पानं, आणि एवढे दिवस कपाटामागे पडूनही तिच्यावर धूळ नाही. वरच्या तीन मजल्यांना नोटीस लागली. साहेबांची बदली झाली, अर्थातच वरच्या जागेवर. आणि बाईंच्या अहवालात एक ओळ आली: रेकॉर्डकीपर खात नाहीत, याची प्रत्यक्ष खात्री करण्यात आली आहे. अहवालाची प्रत प्रत्येक विभागात फिरली. वहिनीने त्या ओळीची नक्कल मागून आणली, आणि ती आल्यागेल्याला वाचून दाखवते. मीही माझ्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटले, की माझा भाऊ खात नाही म्हणून सरकारी कागद आहे.

मग एका दुपारी दादा डबा घेऊन माझ्या दुकानात आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "का रे, इकडे कसा?" मी विचारलं.

"टेबलावर जागा नसते."

त्या टेबलाला बारा माणसं बसतात आणि कार्यालयात आहेत नऊ. आठवडाभराने त्यानेच सांगितलं. तो आला की बोलणं थांबतं. एकेक जण हात धुवायला उठतो. चिठोरं कुणी पुढे करत नाही. हेडक्लार्क त्याच्यादेखत साधं पत्राचं पाकीटसुद्धा फोडत नाही. शिपाई त्याला "साहेब" म्हणतो आणि दाराबाहेरूनच फायली ठेवून जातो. कागद खाणारा माणूस त्यांनी एकतीस वर्षं हसतखेळत सांभाळला. खात नाही असा शिक्का बसलेला माणूस त्यांच्या पचनी पडत नव्हता.

मला त्या सगळ्यांचा राग आला. मग मशीनवर पाय ठेवला आणि लक्षात आलं, की त्यांनी निदान त्याला खोटं बोलायला घरी येऊन सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं, त्याच्याच स्वयंपाकघरात बसून. मला लाज वाटली. मी मशीन थांबवलं.

"दादा, मी तुला सही करायला सांगितली होती."

तो डब्याचं झाकण उघडत होता. त्याने "असू दे" म्हणावं म्हणून मी थांबले. एवढं एक जरी म्हणाला असता, तरी मला जेवण गेलं असतं.

"हो," दादा म्हणाला, आणि जेवायला लागला.