खांबाभोवतीची फट

देवजीचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. भातसानगरला धरणाच्या कामावर असताना त्याने मुकादमाचे दोन दात पाडले. नोकरी तिथेच संपली. पोरगा पंकज शाळा बुडवून नदीवर गेला, तर त्याला दोरखंडाने असा झोडला की मोठा झाल्यावर तो आटगावला खोली घेऊन राहिला, सणालाही फिरकेना. शेणव्याच्या वरच्या पाड्यात लोक देवजीला टरकून असत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

अशा माणसाला ठाण्याच्या नम्रता मॅडमनी दुर्बीण राखायला दिली. पाड्यामागच्या माळावर त्यांनी एक खोली बांधली होती. रात्री तिचं छप्पर आपोआप सरकायचं, सिमेंटच्या जाड खांबावरची दुर्बीण ताऱ्याकडे वळायची, आपला फोकस आपणच लावायची आणि फोटो काढत राहायची. मॅडम ठाण्यात बसून कॉम्प्युटरवर सगळं बघायच्या. देवजीने झाडलोट करायची आणि दुर्बिणीला हात लावायचा नाही. नवल म्हणजे चार वर्षांत त्याने तो लावला नाही. मॅडमनी पाठवलेले फोटो तो पाड्यात घरोघर दाखवायचा. काळ्या आकाशात मोहरीसारखे गोल तारे. "आपल्या माळावरनं काढलाय," असं म्हणताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. कोणाला न मारता मिळालेला हा त्याचा पहिलाच मान होता.

यंदा शिमगा झाला आणि तारे बिघडले. मोहरीचे तांदूळ झाले, लांबुळके. मोठ्या दुर्बिणीला एक छोटी जोडलेली असते; ती एका ताऱ्यावर नजर रोखते आणि मोठीला त्याच्यामागे चालवते. तिचा तोच तारा पडद्यावर उड्या मारत होता. मॅडमचा फोन आला की देवजी धावत खोलीत शिरायचा, आणि तारा आणखीच उडायचा. मॅडमनी वायरी बदलून पाहिल्या, उपयोग शून्य. वैशाखात तर फोकसही लागेना.

"देवजीभाऊ, तिकडे धूर आहे का?" मॅडमनी विचारलं. "धुरात तारे पुसट होतात, फोकस लागत नाही. या महिन्यात जमलं नाही तर मला दुर्बीण इथून हलवावी लागेल."

धूर होता. माळाखालच्या शेतात महिपतने राब लावला होता. भाताचं रोप जिथे टाकायचं, तिथे आयनाच्या फांद्या, शेण, पालापाचोळा रचून जमीन भाजायची, ही तिथली दरसालची रीत. महिपत आणि देवजी एका वयाचे, एका ओढ्यात पोहायला शिकलेले. पण देवजी त्या संध्याकाळी उतरला तो हातात पहार घेऊनच.

"इझव तो राब."

"येडा झालास का रे? पेरायचं कशात मग?"

"माजी दुरबीन जाईल."

"तुजी?" महिपत हसला. "तू तिथला झाडूवाला."

देवजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येताना महिपतने उजवा हात आडवा धरला आणि मनगट कडकन मोडलं. तो ढेकळांत पडल्यावरही देवजीने लाथा थांबवल्या नाहीत. मग पेटता राब त्याने पायांनी उधळला. तळवे भाजले तरी त्याला कळलं नाही. महिपतची बायको सकुबाई किंचाळत आली आणि तिने धोंडा मारून त्याचं कपाळ फोडलं, तेव्हा कुठे तो थांबला. थुंकून, रक्त पुसत वर निघून गेला.

शहापूरच्या डॉक्टरांनी महिपतच्या मनगटात सळ्या घातल्या. दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत, असं सांगितलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा महिपत म्हणाला, "राबाला फांद्या तोडत होतो, आयनावरनं पडलो." देवजीला हे कळलं. "भ्याला साला," तो बाईजाला, आपल्या बायकोला, म्हणाला. तिने त्याच्यापुढची भाकरी उचलून नेली.

धूर गेला. फोकस लागला. तारे मात्र तांदळासारखेच राहिले.

शेवटी मॅडम स्वतः आल्या. अंधार पडल्यावर लॅपटॉप घेऊन उंबऱ्याबाहेर बसल्या आणि म्हणाल्या, "देवजीभाऊ, आत चालून दाखवा." देवजीने पाऊल टाकलं, पडद्यावर ताऱ्याची हालचाल दाखवणारी रेघ उसळली. दुसरं टाकलं, पुन्हा उसळली. मॅडमनी बॅटरी घेऊन खांबाचा बुंधा पाहिला.

"इथे खांबाभोवती बोटभर फट होती. मुद्दाम ठेवलेली. खांब जमिनीपासून सुटा राहिला तरच हादरा वर जात नाही. कोणी बुजवली?"

देवजीनेच बुजवली होती. शिमग्याच्या आठवड्यात त्या फटीतून घोणस निघाली. पहारीने तिचा चेंदामेंदा करून त्याने फटीत मुरूम ठोकला, वर उरलेलं सिमेंट ओतलं, आणि बाईजाने छान सारवून दिलं. स्वच्छ खोली पाहून दोघं खूश झाली होती.

"मंग धूर?" त्याने विचारलं.

"धुराने फक्त फोकस गेला. राब विझला की तो आपोआप आला असता."

देवजीने त्याच पहारीने फट उकरली. मध्यरात्रीपर्यंत रेघ सरळ झाली, तारे मोहरीएवढे गोल आले. मॅडमनी टाळी वाजवली. "दुर्बीण इथेच राहणार!" हेच ऐकण्यासाठी तो झुरला होता. आता मात्र त्याने खाली, महिपतच्या शेताकडे पाहिलं.

सकाळी तो पहार घेऊन महिपतच्या अंगणात गेला. सकुबाईने कोयता उचलला. देवजीने पहार महिपतच्या पायाशी ठेवली.

"राबाचा दोस नव्हता. फट मीच बुजवलेली," तो म्हणाला. आणि उजवं मनगट उंबऱ्यावर ठेवून त्याने डोळे मिटले. "मोड."

मग पहार घासल्याचा आवाज आला, आणि ती परत खाली आदळली. देवजीने डोळे उघडले. महिपतने डाव्या हाताने ती जेमतेम वीतभर उचलली होती. उजवा गळ्यातल्या झोळीत होता आणि त्याची दोन बोटं तशीच ताठ होती.

"कोनच्या हातानं मोडू रे, देवजी?" महिपत म्हणाला.