बाजारचौकातल्या दगडी पायऱ्या

आमच्या घराचे फोटो पाहून पुण्याच्या नातेवाइकांचा जीव जळायचा आणि मी तो खुशाल जळू द्यायचे. जर्मनीतल्या बोब्लिंगेनपासून थोडं दूर, एका छोट्या गावाच्या ऐन बाजारचौकात, लाकडी तुळया भिंतीबाहेर दिसणारं जुनं घर. समोर दगडी कारंजं, पलीकडे बेकरीवर टांगलेला लोखंडी प्रेत्सेल, त्यांच्या पीळदार पावाचा आकार, पायाखाली गुळगुळीत झालेले फरसबंदीचे दगड. पर्यटक थांबून बघत राहायचे. दुरून डोंगर साजरे. आत जमीन इतकी कललेली होती की बाळाचा चेंडू आपोआप खिडकीकडे घरंगळायचा, आणि त्या खिडकीतून वारा सरळ हाडांत शिरायचा. पण घर वारसा म्हणून संरक्षित, त्यामुळे खिडकी बदलायची सोय नव्हती.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. ऐंशीच्या पुढची, एकटी, काठी टेकत चालणारी. तिला मी आवडत नव्हते आणि मला ती. भांडणाचं मूळ केअरवोख. या भागात दारासमोरचा रस्ता आणि पायऱ्या झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं घरातल्या बिऱ्हाडांत फिरते. माझी पाळी आली की मी घाईघाईत झाडूचे दोन हात मारून पळायचे. ती मागून यायची, सांध्यात अडकलेलं पान काठीनं दाखवायची आणि म्हणायची, "आल्झो, हे काय?"

डिसेंबरात माझी बाळंतपणाची रजा संपली आणि बाळाला सांभाळायला सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. केअरवोख त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून काढून घेतली. त्या पायऱ्या शेकडो वर्षं पाय पडून मधोमध खोलगट झालेल्या. त्या खळग्यांतली माती सासूबाई बसून, ब्रशनं, बोटांनी काढायच्या. म्हातारी दारात उभी राहून बघायची आणि दर वेळी म्हणायची, "गेनाऊ," म्हणजे अगदी अस्संच. मला तिनं ते एकदाही म्हटलं नव्हतं. लवकरच दोघी शनिवारच्या बाजारात हातात हात घालून जायला लागल्या. एक मराठीत बोलायची, एक जर्मनमध्ये. कळत दोघींनाही काही नव्हतं. तरी त्या गावात सासूबाईंशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. मी आणि नवरा तर दमून घरी यायचो आणि फोनमध्ये तोंड खुपसून बसायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा.

डिसेंबर ओला आणि उबदार गेला. जानेवारीत एका रात्रीत कडाक्याची थंडी पडली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी दारात पाणी घातल्याशिवाय सासूबाईंचा दिवस सुरू व्हायचा नाही, जन्मभराची सवय. त्यात मैत्रीण बाजाराला निघणार. त्यांनी बादलीभर पाणी नेलं आणि पायऱ्या स्वच्छ धुऊन काढल्या. अंगण धुणाऱ्या बाईला बर्फ कुठून ठाऊक असणार? आम्ही झोपलो होतो. म्हातारी टोपली घेऊन बाहेर आली तेव्हा खळग्यांतलं पाणी गोठून काच झालं होतं.

तिच्या खुब्याचं हाड मोडलं. बाजारातले लोक जमले, रुग्णवाहिका आली, आणि सासूबाई रिकामी बादली हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

आमच्या विमावाल्यानं फोनवर नवऱ्याला एकच गोष्ट बजावली: भरपाईचा निकाल लागेपर्यंत कुणीही चूक कबूल करायची नाही. नवऱ्यानं ती तशीच आईपुढे ठेवली.

"मी नुसती तिच्या पायाशी बसून येते रे," सासूबाई म्हणाल्या. "माफी मागायला मला त्यांची भाषा तरी कुठे येते?"

"आई, तू नुसती गेलीस तरी ती कबुलीच. आपणहून गळ्यात फास घालून घेऊ नकोस."

"अरे, जाऊ दे ना त्यांना," मी म्हटलं.

"मग त्यांनी बाहेर काढलं की दुसरं घर तू शोध," तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

मला त्या क्षणी त्याची किळस आली. सासूबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. रोज संध्याकाळी मी आले की एवढंच विचारायच्या, "काही कळलं का गं तिचं?"

कळलं ते इतकंच की ती आता चाकाच्या खुर्चीत होती आणि पायऱ्या चढू शकत नव्हती. उतार बसवायचा तर दगडाला भोकं पाडावी लागणार, आणि संरक्षित दगडाला भोक पाडायला परवानगी मिळेना. दगडावर माणसाचं हाड मोडलेलं चालत होतं. तिच्या मुलानंही फार खटपट केली नाही. वृद्धाश्रमात जागा मिळाली, तो मोकळा झाला.

सासूबाईंच्या परतीला आठवडा उरला असताना म्हातारीचा मुलगा तिचं सामान न्यायला आला. तिला त्यानं कारंज्याजवळ, गुडघ्यांवर ब्लँकेट घालून ठेवलं होतं. स्वतःच्याच दारासमोर, आत येता येत नाही म्हणून. सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. खुर्च्या गेल्या, कपाट गेलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं. म्हातारीनं मान वर केली. तिला सासूबाई दिसल्या. तिनं ब्लँकेटखालून हात काढला आणि हलवला.

सासूबाईंचाही हात अर्धा वर गेला. मागून नवऱ्यानं येऊन त्यांचं मनगट धरलं. "आई, तिचा मुलगा बघतोय," तो हळूच म्हणाला आणि त्यांचा हात खाली घेतला.

आपण सासूबाईंना दिसलो नाही असं वाटून खाली ती म्हातारी खुर्चीतून जेवढं उठता येईल तेवढं उठून, आणखी उंच हात करून हलवत राहिली.