तेरा औट किती

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इंदापूर तालुक्यात, कळसच्या शाळेत गणित शिकवायचो. आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मग त्याला एका खोलीत कोंडून टाकलं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. धूळ जायला नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, ओल्या फडक्याला पाय पुसायचे आणि मग आत जायचं. एवढं सोवळं आमच्या गावच्या देवळातही कुणी पाळत नसे.

शिक्षकांच्या खोलीत रोज एकच वाद. जुने शिक्षक म्हणायचे, या यंत्रापायी पोरांचं पाठांतर बुडणार. मी तावातावाने म्हणायचो, बुडणार नाही, उलट वाढेल. वादात हरलो की मला जेवण गोड लागत नाही, हा माझा जुना स्वभाव. म्हणून मी रविवारी बारामतीला जाऊन, मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून, पाढ्यांचा एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक मुलाला वीस प्रश्न, आणि प्रत्येकाला वेगळे. उत्तर टाइप केलं की यंत्र ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगायचं.

साधे पाढे यंत्र स्वतः गुणून तपासायचं. पण जुन्या मंडळींची तोंडं बंद करायची होती, म्हणून मी पावकी, निमकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढेही घातले. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्याची उत्तरं काही मी यंत्राला काढू दिली नाहीत. वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेली औटकी मला अजून येते, याचा मला फार ताठा. एका दमात तोंडाने म्हणत गेलो आणि बोटांनी टाइप करत गेलो.

मित्राने चहा मागवला आणि म्हणाला, “आता ह्याला कुलूप लाव. न्हायतर उद्या कुणी बी आपलं नाव घालून फिरवंल.” तेव्हाच्या त्या ‘बेसिक’ नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत तशी सोय होती. साठवताना एक अक्षर जास्त जोडलं की प्रोग्रॅम चालायचा, पण आत काय लिहिलंय ते कुणाला वाचता यायचं नाही. पहिल्या पडद्यावर माझं नाव झळकत होतं. ते पुसलं जाईल या विचाराने माझा जीव कासावीस झाला आणि मी कुलूप लावलं. उघडी प्रत एका फ्लॉपीवर घेऊन पणदऱ्याला घरी ट्रंकेत ठेवली. कुलूपबंद प्रती मात्र हौसेने वाटल्या. एक मित्राच्या क्लासला, काही बारामती-इंदापूरकडच्या शाळांना.

त्या वर्षी मित्राच्या क्लासमध्ये इंटरनेटचं कनेक्शन आलं. सगळं जग एका तारेवर, गरीब-श्रीमंत सारखेच, असं तो सांगत सुटला होता. पुण्यातल्या लोकांना ती तार जवळची होती, आम्हाला ती बघायलासुद्धा एस.टी.ने जावं लागत होतं, हे मी त्याला ऐकवायचो. शेवटी तो म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस घेऊन ये पोरं. त्याच्याकडे सहा मशीन होती. पाच मुलं आणि सहावा मी. मलाही इंटरनेट बघायचं होतं, मुलांपेक्षा जास्तच. मुख्याध्यापकांनी ठरवलं, ज्यांचे वीसपैकी वीस येतील ती मुलं जातील.

सातवीतली एक मुलगी होती. गणितात पहिली, आणि बोलायला कमी. तिला जायचंच होतं. महिनाभर मधल्या सुट्टीत ती त्या बंद खोलीच्या खिडकीशी उभी असायची. परीक्षेच्या दिवशी एकोणीस उत्तरं तिने झटझट दिली. विसावा प्रश्न आला, तेरा औट किती? तिने साडेपंचेचाळीस टाकलं. यंत्र म्हणालं, चूक.

“गुरुजी, साडेपंचेचाळीसच हाय,” ती म्हणाली.

“कॉम्प्युटर चुकत नाही, बाळ.”

“आत बघता येतं का, काय लिवलंय ते?”

“नाही येत. कुलूप आहे.”

बाहेर मुलांची रांग ताटकळत होती. तेराला साडेतीनने गुणायला मला किती वेळ लागला असता? पण मी गुणलं नाही. पुढच्या मुलाला हाक मारली. ती उठली, चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी पाच नावांची यादी लागली, त्यात ती नव्हती.

त्याच दुपारी तिचे आजोबा शाळेत आले. हातात कोयता, शेतातून तसेच आलेले. मी कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. ते दाराबाहेर, उंबऱ्याशीच बसले.

“आबा, आत या.”

“ऱ्हाऊ द्या, हितं बरंय. गुरुजी, तेरा औट किती?”

मी हसून तोंड उघडलं आणि लहानपणीच्या चालीवर म्हणून गेलो. अकरा औट साडेअडतीस, बारा औट बेचाळीस, तेरा औट साडेपंचेचाळीस.

“मग पोरीचं काय चुकलं?” आबा शांतपणे म्हणाले. “ती औटकी मीच शिकवलीया तिला. आमी शाळंत होतो तवा आमाला वर्गात घेत न्हवते. भाईर पडवीत बसायचो. फळा दिसायचा न्हाय, पर आवाज यायचा. जे कानावर पडलं ते पाठ केलं. पुढं छप्पन सालानंतर सगळं बदललं, पोरं वर्गात बसली. पर औटकी मी अशी भाईर बसूनच शिकलोय. ती चुकायची न्हाय.”

मला एवढी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ते अजूनही उंबऱ्याबाहेर बसले होते, आणि शेजारी माझं ते ओलं फडकं पडलं होतं.

संध्याकाळी पणदऱ्याला जाऊन मी ट्रंकेतली फ्लॉपी आणली. सकाळी सगळा वर्ग त्या खोलीत घेतला, चपलांसकट. प्रोग्रॅम उघडला आणि ओळ न् ओळ फळ्यावर उतरवून काढली. म्हटलं, शोधा माझी चूक. त्या मुलीने जागेवरूनच बोट दाखवलं. साडेपंचेचाळीसच्या जागी माझ्या बोटांनी साडेचव्वेचाळीस टाइप केलं होतं. एवढंच. मुलं हसली, मीही हसलो. ती हसली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, “यादी लागली आता. कुणाचं नाव काढू? आणि मशीन सहाच हायत.”

“कुणाचं काढू नका. मी जात नाही,” मी म्हणालो. मनातून फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढं दीड-दोन वर्षं मला इंटरनेट दिसलं नाही. मुलांना एस.टी.त बसवून दिलं, तिकडे मित्राने उतरवून घेतलं.

दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा फाट्यावर आबा आणि मी दोघंही उभे होतो. बाकीची मुलं इंटरनेटवर काय काय बघितलं ते एकदम सांगत होती. एका चित्राला यायला पाव तास लागला, याचंच त्यांना भारी कौतुक. ही मात्र आबांशेजारी येऊन उभी राहिली. मी विचारलं, “काय गं, आवडलं का?”

“व्हय,” ती म्हणाली. “गुरुजी, तितं पहिल्या दिवशी पाढ्यांची परीक्षा घेतली. तुमचाच प्रोग्रॅम हाय तितं. कुलूपवाला.”

आमच्या शाळेतली प्रत मी दुरुस्त केली होती. वाटलेल्या प्रती माझ्या डोक्यातूनच गेल्या होत्या. त्या सगळ्या ठिकाणी तेरा औट साडेचव्वेचाळीसच होतं, आणि कुणाला आत डोकावून बघता येत नव्हतं.

“तेरा औट आलं?” मी विचारलं.

“आलं.”

“मग? तुला तर ठाऊक होतं, त्याला काय पाहिजे ते.”

“ठाऊक हुतं,” ती म्हणाली. “पर मी साडेपंचेचाळीसच टाकलं.”

आबांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुरुस्त केलेल्या, कुलूप नसलेल्या प्रतींच्या फ्लॉप्या खिशात घातल्या आणि बारामतीच्या पहिल्या एस.टी.त बसलो.