माझी शुद्धलेखनाची पेन्सिल

मी वाचायला बसले की हातात पेन्सिल लागते. लग्नाआधीपासूनची खोड. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात निम्म्या कादंबऱ्यांवर माझं अक्षर सापडेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायचं आणि वाचून झालं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात निकाल लिहून टाकायचा. सही कधी केली नाही. लोक पुस्तक घेण्याआधी मागचं पान उलटून बघायचे आणि मुकाट्यानं परत ठेवून द्यायचे, तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. कुणाची वर्षानुवर्षांची मेहनत माझ्या चार शब्दांत आडवी झाली, याचं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

लेखकांवर माझं प्रेम नाही. कादंबऱ्यांवर आहे, म्हणूनच नाही. प्रकाशन समारंभांना मी पुष्कळ गेले आहे. व्यासपीठावरच्या बहुतेकांनी फक्त प्रस्तावना वाचलेली असते आणि प्रस्तावना लिहिणाऱ्यानं पहिली दोन प्रकरणं. मग अहो रूपम् अहो ध्वनिः. खाली बसलेले नातेवाईक टाळ्या वाजवतात आणि बटाटेवड्याचा वास आला की उठतात. एका ओळखीच्या बाईंनी मला आपली कादंबरी दिली, म्हणाल्या, प्रामाणिक मत सांगा हं. मी सांगितलं. राममारुती रोडवर मी दिसले की त्या अजून पलीकडच्या बाजूला जातात.

निवृत्त झाल्यावर मला वाचनालयाच्या निर्लेखन समितीवर घेतलं. निर्लेखन म्हणजे जुनी, फाटकी, कुणी नेत नाही अशी पुस्तकं नोंदीतून काढून रद्दीत घालणं. शब्द सरकारी, पण काय नेमका आहे! लिहिलेलं न लिहिलेलं करायचं. समितीत आम्ही तिघं. एक गृहस्थ पुस्तकाचं नाव वाचून मत देतात, दुसरे माझं मत ऐकून. म्हणजे समिती मीच.

गेल्या वर्षी बाद करायच्या ढिगातून ग्रंथपाल मुलीनं एक पुस्तक उचलून बाजूला ठेवलं.

“काकू, हे राहू दे ना. एक आजोबा दर वर्षी नेतात. स्टेशनापलीकडून, कोपरीहून येतात. त्यांनीच लिहिलंय.”

“स्वतःचं पुस्तक स्वतःच नेतात? काय हौस म्हणायची!”

“त्यांच्याकडे एक पण प्रत नाहीये. सगळ्या भेट दिल्या, आणि छापणारा पण वारला. ही एवढीच उरलीय. पंधरा दिवस ठेवतात आणि बरोब्बर परत आणून देतात.”

मी पुस्तक उघडलं आणि माझं अक्षर माझ्याकडे बघायला लागलं.

वीसेक वर्षांपूर्वी मी ते वाचलं होतं. मिठागरात राबलेल्या आगरी घरातल्या माणसानं आपल्या घरच्या भाषेत लिहिलेली कादंबरी. मला ती भाषा कुठे माहीत होती? मी सगळ्या छपाईच्या चुका समजले. ‘मना’चं ‘मला’ केलं, ‘डोला’चा ‘डोळा’ केला. पहिलंच वाक्य होतं, ‘आवस गेली तवा मी मिठागरावर व्हतो.’ आवस म्हणजे आई. स्टेशनाच्या पलीकडे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी तिथला काना खोडून ‘अवस’ केलं होतं. माणसाची आई मेली त्या वाक्यात मी अमावास्या घातली. पुढे कधीतरी अर्थ लागला असावा, कारण नंतर सगळीकडे ‘आई’ लिहिलेलं होतं. मागे जाऊन पहिली दुरुस्ती खोडायचे कष्ट मात्र घेतले नव्हते. आणि शेवटच्या पानावर निकाल: ‘ज्याला साधं आई लिहिता येत नाही, त्यानं कादंबरी लिहू नये.’

बऱ्याच दुरुस्त्या कुणीतरी रबरानं खोडल्या होत्या. घासून घासून कागद विरला होता, पहिल्या पानाला तर भोक पडलं होतं. शेवटच्या पानाला हात लावलेला नव्हता.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती भीती. बाद पुस्तकांच्या याद्या मीच लिहिते, त्या मुलीला माझं अक्षर पाठ आहे. आज ना उद्या तिनं ओळखलं असतं.

“पानं झिजलीत,” मी म्हटलं. “बाद.”

दुसरे गृहस्थ लगेच म्हणाले, “हो, हो, बाद.” मुलीनं शिक्का माझ्यापुढे सरकवला. शिक्का मीच मारला.

दोन महिन्यांनी मी काउंटरपाशी मासिक चाळत बसले होते, तर ते आजोबा आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मुलीनं त्यांना सांगितलं, की पानं झिजली म्हणून समितीनं पुस्तक बाद केलं, रद्दी गेलीसुद्धा. ते शेजारच्या खुर्चीत बसले. पिशवीच्या बंदांशी चाळा करत राहिले.

“मीच खराब केलं ते,” मला म्हणाले. “कुणीतरी चुका काढलेल्या. शिकलेलं माणूस असणार. शेवटी लिहिलेलं ते त्यांचं मत, ते ठेवलं मी. पण आवस माझी होती ना, ती कशी बदलून देणार? म्हणून खोडत बसलेलो.” मग विचारलं, “बाई, तुम्ही वाचलेली का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग सांगतो की.”

आणि त्यांनी तासभर अख्खी कादंबरी सांगितली. मधला भाग लांबलाय, हे मी आजही म्हणेन. पण भरती मिठागरात घुसलेली, हा पोरगा बांधावर माती टाकतोय आणि घरून निरोप येतो, ते ऐकताना माझे डोळे वाहायला लागले. थांबवता येईनात. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मुलगी मान खाली घालून कार्डं लावत होती.

उठताना त्यांनी मला हात जोडले.

“तुमच्यासारखं एक माणूस त्या समितीत असतं ना बाई,” ते म्हणाले, “तर वाचली असती ती.”