हात लावून खात्री करून घ्या

आमच्या बसस्थानकावर ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो माणूस मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जातो आणि हे मी कधी लपवलेलं नाही. भोंगा म्हणजे आमचा निवेदक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवरून सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण हा गडी भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून येतो. गार पाणी पीत नाही. कुणी 'कसं काय' विचारलं तर घशाकडे बोट दाखवून नुसती मान हलवतो, जसं काही संध्याकाळी याचं गाणं ऐकायला गाव लोटणार आहे.

मी समोर सामानघरात बसते. लोकांच्या बॅगा घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घेऊन बॅग परत करायची. माझ्या खिडकीतून अख्खं प्रतीक्षालय दिसतं, आणि पलीकडे काचेच्या केबिनमध्ये भोंगाही दिसतो. त्यालाही तिथून सगळं दिसलं असतं. पण तो डोळे मिटून बोलतो. डोळे उघडे ठेवले तर आवाजातला भाव जातो, असं त्यानेच मला एकदा सांगितलं होतं.

कार्यालयाने त्याला छापील वाक्य दिलं होतं: 'प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे.' साधं, सरळ, कुणाला उपद्रव नाही. भोंग्याला ते मिळमिळीत वाटलं. त्याने घरी बसून स्वतःचं वाक्य रचलं, बायकोला ऐकवून ऐकवून तिचा जीव नकोसा केला, आणि एका सकाळी आमच्या डोक्यावर सोडलं.

"बंधू-भगिनींनो! आपल्यामध्ये खिसेकापू वावरत आहेत! आपलं पाकीट, आपले दागिने, आपली मौल्यवान वस्तू जागेवर आहे ना? आत्ताच, हात लावून खात्री करून घ्या!"

आणि मग तो थांबायचा. वाक्य मुरलं पाहिजे म्हणे.

ते मुरेपर्यंत हॉलमध्ये काय व्हायचं, ते मी रोज बघत होते. सगळ्यांचे हात हलायचे. कुणाचा मागच्या खिशावर, कुणाचा पोटाशी, कुणाचा पिशवीच्या तळाला. एक आजोबा वाकून मोज्यात बोट घालून बघायचे. एका सुटाबुटातल्या माणसाने तर कोटाचं आतलं अस्तर चाचपून, समाधानाने मान डोलावून, बटण लावून घेतलं. घरून निघताना चोरखिसे शिवून घ्यायचे, पिना लावायच्या, कपड्यांच्या आत कपडे घालायचे, आणि इथे येऊन चारचौघांत बोट ठेवून दाखवायचं की बाबांनो, इथे आहे! असल्या अक्कलशून्य लोकांची मला दया येत नाही.

हात न हलवणारी माणसं हॉलमध्ये दोनच. पाटीखालच्या बाकावर बसायची. पाटी कसली, तर 'पाकीटमारांपासून सावध राहा.' एकाच्या हातात पेपर असायचा, तोही शिळा. घोषणा सुरू झाली की पेपर खाली यायचा. त्या चोरांना तरी काय म्हणायचं! पूर्वीच्या पाकीटमाराला निदान डोकं चालवावं लागत असेल. या ऐतखाऊंना आमचा भोंगा घरपोच पत्ता देत होता.

मी सुरक्षारक्षकाला बाक दाखवला. तो दात कोरत म्हणाला, "ताई, बाकावर बसणं हा काय गुन्हा आहे का?" मग मी भोंग्याकडेच गेले.

"अहो, तुमचं ते वाक्य बंद करा," मी म्हटलं. "तुम्ही 'हात लावा' म्हणता, लोक हात लावतात, आणि ते दोघं बघत बसतात. एकदा डोळे उघडून बघा तरी."

त्याने घशाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "बाई, तुम्ही बॅगा सांभाळा. जनजागृती ही वेगळी गोष्ट आहे."

पुढचं ऐका. चोऱ्या वाढल्या म्हणून तक्रारी वाढल्या. तक्रारी वाढल्या म्हणून आमच्या व्यवस्थापकाने डोकं लढवलं आणि घोषणा दुप्पट वेळा करायला सांगितली. मग चोऱ्या आणखी वाढल्या. तेव्हा व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर भोंग्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, परिस्थिती इतकी बिकट असताना तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं. मी कपाळाला हात लावला. भोंगा महिनाभर छाती काढून चालत होता.

घरी त्याला एवढा भाव नव्हता. घरात तीनच माणसं: हा, बायको आणि आई. आईचे कान जवळजवळ गेलेले, याच्या लग्नाच्याही आधीपासून; अगदी कानात बोंबललं तर एखादा शब्द पोचायचा. म्हणजे ज्या आवाजावर हा माणूस फुगतो, तो त्याच्या आईने कित्येक वर्षांत धड ऐकलेला नाही. आणि सुनेचा तर कधीच नाही. सासू-सुनेचं सगळं खुणांवर चालायचं. वहिनी, म्हणजे भोंग्याची बायको, शाळेचे गणवेश शिवायच्या. माझी सुट्टी झाली की कधी कधी मी त्यांच्याकडे बसायचे, तेव्हा मशीन चालवता चालवता त्या म्हणायच्या, "ताई, एकदा आईंच्या कानाला यंत्र लावायचंय मला. आमचं भांडणसुद्धा खुणांनी होतं हो, त्यात काय मजा?" त्या शिवत राहिल्या, बाजूला टाकत राहिल्या. भोंग्याने त्यात काय घातलं? सल्ले.

शेवटी दोघी मोठ्या इस्पितळात गेल्या. यंत्र बसवलं, मापात करून घेतलं. तिथून वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र चालू केलं आणि वहिनी म्हणाल्या, "आई, ऐकू येतंय का?" तर म्हातारीने त्यांच्याकडे टकामका बघितलं आणि म्हणाली, "अगं, तुझा आवाज इतका बारीक आहे? मला वाटायचं, तू दणकून बोलत असशील." मग दोघी तिथेच खूप वेळ काहीबाही बोलत बसल्या. बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी.

मी फोन ठेवून डोळे पुसले. तेवढ्यात शहाण्याचाही तिकडे फोन गेला होता: यंत्र कानात घालून बसमध्ये बसायचं नाही, कुणीतरी हिसकावून नेईल. डबीत घाला, डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन बंद. आणि इथे आल्यावर, त्याच्या केबिनसमोर, आईने ते कानात घालायचं. कारण आईने त्याची घोषणा ऐकायला हवी होती. बाकी जगातलं काही ऐको न ऐको.

दोघी आल्या त्या दुपारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींनी लांबूनच मला हात केला. एका हाताने सासूला धरलं होतं, खांद्याला पर्स. भोंग्याने काचेतून त्यांना बघितलं. केबिनपर्यंत त्यांना पोचू द्यावं, यंत्र कानात जाऊ द्यावं, एवढाही दम नाही. मफलर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरू झाला.

"...आत्ताच, हात लावून खात्री करून घ्या!"

मी वहिनींचा हात बघितला. त्यांनी चेन उघडली, दोन बोटं आत घातली, डबी लागली, चेन लावली. चेहऱ्यावर समाधान. पाटीखालचा पेपर खाली आला आणि दोघं उठले.

"वहिनी!" मी खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडले. "वहिनी, पर्स!"

पण भोंग्याचा त्या दिवशी उत्साह उतू जात होता. त्याने तीच घोषणा लगेच दुसऱ्यांदा सुरू केली. हॉलच्या चारही कर्ण्यांतून तो एकटाच गरजत होता आणि माझा आवाज माझ्या खिडकीच्या गजांबाहेरही गेला नाही. मी दार उघडून धावले, बॅगांच्या ढिगाला अडखळले. एकाने म्हातारीला धक्का दिला, वहिनी तिला सावरायला वळल्या, दुसरा त्यांना घासून पुढे गेला. मी पोचले तोवर वहिनी उघड्या कप्प्यात बघत उभ्या होत्या.

दोघं कुठल्या दाराने गेले, सुरक्षारक्षकाला माहीत नव्हतं. त्याला कधी काय माहीत असतं?

भोंगा केबिनमधून बाहेर आला. मला वाटलं, आता तरी याचं तोंड उतरेल. तर तो बायकोवरच डाफरला, "अगं, मी इतकं कानीकपाळी ओरडतोय! हात लावून बघता येत नव्हतं?"

"बघितलं ना," वहिनी म्हणाल्या. रडत नव्हत्या, आवाज तोच बारीक. "तुम्ही सांगितलंत, तेव्हाच बघितलं."

भोंग्याने गळ्यातला मफलर ओढून सैल केला. मला त्याची कीव आली नाही. थोडी यायला हवी होती, पण नाही आली.

म्हातारी कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. "काय झालं रे?" तिने विचारलं. "दे ना गं ते, घालते कानात. याचं ऐकायचंय ना?"

वहिनींनी मान फिरवली. म्हणजे सांगायचं भोंग्यानेच. तो आईच्या कानाशी वाकला.

"चोरी झाली!"

"काय? मोठ्याने बोल."

"चोरी! चोरी झाली!"

"अरे पण कशी?"

भोंग्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग घशाच्या शिरा ताणून, माईकशिवाय, आईच्या कानात ओरडला, "मी म्हणालो, हात लावून खात्री करून घ्या!"

सगळ्या हॉलने ऐकलं. आणि सगळ्या हॉलचे हात हलले. मागच्या खिशांवर, पोटाशी, पिशव्यांच्या तळाला. या वेळी भोंग्याचे डोळे उघडे होते. बाकापासून दारापर्यंत त्याची नजर त्या हातांवरून फिरत गेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

आईलाही तेवढंच ऐकू गेलं होतं. तिने झटकन कमरेला चाचपलं, रुमालाची गाठ बाहेर काढली, सोडली. आत इस्पितळातून दिलेले यंत्राचे जादाचे छोटे छोटे सेल होते. तिने ते तळहातावर घेऊन मुलापुढे धरले.

"आहेत रे," ती म्हणाली. "माझ्याकडचे आहेत सगळे."