थंडोबाचा बिनआवाजी डबा

माझे धाकटे दीर फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. बाजारात त्यांना सगळे थंडोबा म्हणतात. या नावात धंद्याचा वाटा निम्माच आहे, उरलेला निम्मा स्वभावाचा. फ्रीझरमधला माल वितळतोय म्हणून एखादा दुकानदार फोनवर बोंब मारत असला, तरी हे म्हणणार, "हं, येतो." मग चपला शोधणार, मग बॅग, मग बॅगेतला पाना. पण एकदा पोचले की काम असं चोख करतात की तो दुकानदार पुढच्या वेळीही त्यांच्याच नावाने बोंब मारतो. लग्न झालं नाही. का झालं नाही असं मला बायका विचारतात, तेव्हा मी सांगते की मुलगी बघायला निघायचं होतं आणि भाऊजी अजून चपला शोधतायत.

घरात आम्ही चौघं. माझ्या नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणजे खरं तर तिघंच. मी औषधांच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी घरी येते. तिसरे माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी उभं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडण्यात घालवलं. काचबिंदूने त्यांचा आधी एक डोळा नेला आणि मग दुसरा. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. आंधळ्या माणसाला मुंगीचं पाऊलही ऐकू येतं, असं लोक म्हणतात. अशा लोकांनी आमच्या अण्णांना भेटावं. त्यांना मोठा आवाज ऐकू येतो, बारीक सगळा सुटतो.

भाऊजींना शौक एकच, गेम खेळायचा. त्यासाठी त्यांनी एक जुना गेम कन्सोल घेतला आणि घेतल्या दिवशीच उघडला. वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ती आपली होत नाही असं त्यांचं मत आहे. त्यात मोठी डिस्क घातली, आतली सगळी प्रणाली बदलली, चिपला मूळच्यापेक्षा जास्त वेगाने पळायला लावलं. चिप पळायला लागली तशी तापायला लागली, आणि ती थंड ठेवायला आतला बोटभर पंखा जिवाच्या आकांताने ओरडायला लागला. घरात मिक्सर लावून विसरल्यासारखा आवाज. भाऊजी स्वतः कानाला हेडफोन लावून खेळायचे, म्हणजे गेमचा आवाज त्यांना आणि पंख्याचा आम्हाला.

हॉलमध्ये खिडकीशी तो डबा आणि भाऊजींची खुर्ची, समोरच्या भिंतीला अण्णांचा पलंग. मी बरेचदा चिडले. अण्णा एकदाच म्हणाले, "कान किटले रे." भाऊजी "हं" म्हणाले.

थंडीत एसीवाल्याला कोण विचारतो? सकाळी एकदोन फ्रिज झाले की भाऊजी दुपारी घरी. तर त्या थंडीत त्यांनी डब्याला पाण्याने थंड करायचं ठरवलं. पंखा काढायचा, चिपच्या डोक्यावर तांब्याची पोकळ डबी बसवायची, तिच्यातून छोट्या पंपाने पाणी फिरवायचं. चिपची उष्णता घेऊन पाणी नळीतून बाहेरच्या रेडिएटरमध्ये जाणार, तिथे निवणार आणि परत येणार. रेडिएटरवर पंखा असतो, पण मोठा आणि संथ. बाजारात अशा तयार डब्या मिळतात, पण या कन्सोलच्या मापाच्या नव्हत्या. भाऊजींनी जुन्या एसीतलं तांबं कापलं, ठोकलं, काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून आरशासारखं केलं. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी आणलं.

सांधे जोडायची वेळ आली तेव्हा अण्णा पलंगावरून म्हणाले, "मला हात लावू दे." आणि मग बापलेक जमिनीवर बसले. कन्सोल बंद ठेवून नुसता पंप दिवसभर चालवून बघायचा असतो, म्हणजे पाणी गळलं तरी नुकसान नाही. भाऊजींनी प्रत्येक सांध्याखाली टिश्यूपेपर ठेवला होता, पण अण्णांचा कागदावर विश्वास नव्हता. ते दर थोड्या वेळाने एकेका सांध्यावरून अंगठा फिरवायचे. संध्याकाळी एका ठिकाणी थांबले. "इथे ओल आहे." कागद कोरडा होता. भाऊजींनी सांधा उघडला, तर आतलं रबरी वायसर तिरकं बसलं होतं. अण्णांनी ते स्वतःच्या हाताने बसवलं. त्या दिवशी ते जेवताना इतकं बोलले की मला वाटलं, खात्याने यांना परत कामावर घेतलं की काय.

डबा सुरू झाला आणि काहीच ऐकू आलं नाही. मी मुद्दाम कान लावला, तेव्हा कुठे पंपाची बारीक गुणगुण. मी भाऊजींचं कौतुक केलं, शेजारी केलं, दुकानातही केलं. वडिलांच्या कानाला त्रास होतो म्हणून मुलाने एवढा खटाटोप केला, असं मीच सगळ्यांना सांगत सुटले. भाऊजी खाली मान घालून ऐकायचे. मला तो विनय वाटला. खरं म्हणजे जास्त वेगाने गेम पळवायचा होता आणि पंखा पुरत नव्हता, म्हणून केलं होतं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुपारी घरात अण्णा आणि भाऊजी दोघंच. पूर्वी पंखा ओरडत असायचा तोवर अण्णांना पक्कं ठाऊक असायचं की मुलगा समोर बसलाय. ते त्या आवाजावरून बोलत राहायचे, कुठली मोठी लाइन कधी फुटली होती, कुठला साहेब किती बावळट होता. मधूनच भाऊजींचं "हं" यायचं. आता आवाजच गेला. पंखा नाही म्हणून भाऊजीही हेडफोन एकाच कानाला लावून खेळायला लागले. अण्णा विचारायला लागले, "आहेस का रे?" "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आहेस का?" "आहे, अण्णा." गेममध्ये समोरचा गोळ्या घालतोय आणि इकडे हजेरी चाललीय. एका दुपारी भाऊजी गेमच्या ऐन रंगात होते. हाक आली आणि त्यांनी ओ दिली नाही.

हे सगळं त्यांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी भांडी विसळत होते आणि ते फ्रिजला टेकून उभे होते. फ्रिजचं दार उगीच उघडत होते आणि लावत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यांना वाटलं, मी बाहेर गेलो. त्यांनी आत्याला फोन लावला."

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. अण्णा फोनवर मोठ्याने बोलतात, पलीकडच्या माणसालाही डोळे नाहीत असं समजून.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोराने माझ्यासाठी यंत्र गप्प केलं गं. मी एकदा बोललो तर किती राबला, तांबं घासून घासून हात सोलले त्याने." भाऊजींनी फ्रिजचं दार लावलं. "म्हणाले, पण आता घर मेल्यासारखं वाटतं. तो कधी येतो, कधी जातो, कळत नाही. हाक मारली की वैतागतो, आवाजावरून समजतं. म्हणून मी हाका कमी केल्यात. त्याला यातलं काही बोलू नकोस, एवढं कष्टाने केलंय त्याने."

माझा हात नळाखाली तसाच राहिला. "आणि तुम्ही तिथेच बसून?"

"हललो असतो तर खुर्ची वाजली असती."

"वाजू द्यायची होती."

"हं," ते म्हणाले.

मला त्यांचा संताप आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा भांडी आपटतो तशी मी आपटली. पुढचं ऐकून तर कपाळावर हात मारायची वेळ आली. दुसऱ्या दुपारी अण्णांनी हाक मारली, तेव्हाही भाऊजी गप्प. त्या वेळी गेम आडवा आला नव्हता. "मला वाटलं, आज ओ दिली तर म्हणतील, काल कुठे होतास? मग खोटं बोलावं लागेल." म्हणजे खोटं बोलायला नको म्हणून हे मूग गिळून बसले, आणि मग रोज बसायला लागले. स्वतःच्या घरात बूट काढून, पाय न वाजवता हॉलमध्ये येऊन बसणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

एकदा त्यांनी उपाय करून पाहिला. रेडिएटरवरचा मोठा पंखा पूर्ण वेगाने सोडला, म्हणजे घरघर होईल आणि अण्णांना कळेल. अण्णा पलंगावर ताडकन उठून बसले. "काय झालं रे? माझा सांधा सुटला का? पाणी गेलं का आत?" चेहरा असा उतरला की भाऊजींनी घाईने पंखा कमी केला आणि म्हणाले, "नाही, नाही, नुसतं तपासत होतो." करायला गेले काय अन् वरती झाले पाय. सांधा धड आहे हे पटेपर्यंत अण्णांनी तो दहादा चाचपला.

त्यानंतर आठवड्याने आत्याचा मला दुकानात फोन आला. अण्णा तिच्याकडे कायमचे राहायला यायचं म्हणतायत. तिच्याकडे नातवंडं आहेत, दिवसभर दंगा असतो, बरं वाटेल म्हणाले. "तुमचं काही वाजलं का गं?" तिने विचारलं. काही वाजत नाही हेच तर झालंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. येत्या रविवारी ती न्यायला येणार होती.

मी घरी येऊन भाऊजींना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं, ते खुर्चीत बसून ऐकलंच होतं त्यांनी.

"मग बोला त्यांच्याशी. जाऊ नका म्हणा."

"का जाऊ नका म्हणू? कुठून कळलं म्हणून विचारतील."

"सांगा कुठून कळलं ते."

"तुम्ही सांगा ना, वहिनी."

"मी? गुन्हा तुमचा आणि वकील मी? अजिबात नाही." मी नाही सांगितलं, आणि आजही मला वाटतं की ते बरोबरच केलं. पण ते पाच दिवस भाऊजींकडे बघवत नव्हतं. जेवण कमी झालं. कन्सोलला हात लावला नाही. दुपारी मुद्दाम घराबाहेर राहायला लागले, म्हणजे अण्णांना आता खरोखरच कोणी नव्हतं.

रविवारी आत्या आली. अण्णांची बॅग मीच भरली होती. आत्या चहा पीत होती, अण्णा पलंगावर बाहेरचे कपडे घालून तयार बसले होते. भाऊजी आतून आले आणि पलंगाशी जमिनीवर बसले.

"अण्णा, तुम्ही दुपारी आत्याशी फोनवर बोलायचात, तेव्हा मी इथेच असायचो."

"कधी?"

"बरेचदा. तुम्ही हाक मारायचात आणि मी गप्प बसायचो."

आत्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं आता. पण भाऊजींचं अजून राहिलं होतं, आणि ते मलाही ठाऊक नव्हतं.

"एकदा तुमची रक्तदाबाची गोळी हातातून पडली. तुम्ही खाली बसून सगळी फरशी चाचपत होतात. मी समोर खुर्चीत होतो. मला ती गोळी दिसत होती."

मला तो दिवस आठवला. मी कामावरून आले तेव्हा अण्णांचे गुडघे धुळीने भरले होते. विचारलं तर म्हणाले, व्यायाम केला. गोळी मला दुसऱ्या दिवशी झाडताना सापडली आणि मी त्यांनाच बोलले होते, औषधं अशी टाकून देऊ नका म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं होतं.

"कुठे होती?" अण्णांनी विचारलं.

"पलंगाच्या पायाशी. डावीकडे."

अण्णा चादरीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग सांगायचं ना रे, डावीकडे आहे म्हणून."

एवढंच. आवाज चढला नाही, की रडवेला झाला नाही. भाऊजींनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. अण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण बॅग काही उघडा म्हणाले नाहीत. "तिने गाडी आणलीय," म्हणाले, "जातो आता." आणि गेले.

ते अजून आत्याकडेच आहेत. भाऊजी दर रविवारी जातात, आणि सगळ्या नात्यात आता नवल चाललंय की हा थंडोबा बोलायला कधी शिकला. दारातून "अण्णा, मी आलो" म्हणून सुरुवात करतात ती निघेपर्यंत. कुठल्या फ्रिजचा गॅस गेला, कुठल्या गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं, रस्ता कुठे खणलाय. सांगण्यासारखं संपलं की समोरच्या भिंतीला कुठला रंग आहे तेही सांगतात. परवा अण्णा मला फोनवर म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, इतकं बोलू नकोस. दम लागतो त्याला. तो आलेला मला कळतो." मी निरोप दिला. भाऊजी म्हणाले, "हं."

या रविवारी मीही बरोबर गेले होते. भाऊजींची तीच टकळी. आत्याने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो तोंडाला लावला नाही. आधी अण्णांकडे वळून म्हणाले, "अण्णा, पाणी पितोय हं. इथेच आहे."